तळीरामाला दहापैकी किती?

मराठी माणसाला माणसांची पारख करण्याचा पहिला अधिकार परीक्षेच्या हॉलमध्ये मिळतो. ‘पुढीलपैकी कोणत्याही एका पात्राचे स्वभावचित्र रेखाटा (गुण 10)’ असा प्रश्न समोर येतो, आणि स्वतःचा सख्खा काका रागीट आहे की प्रेमळ हे ज्याला सोळा वर्षांत कळलेले नाही, तो मुलगा दुर्योधनाचा स्वभाव दीड पानात सोलून ठेवतो. दीड पान हे माप ठरलेले आहे. दुर्योधनाला दीड पान, कर्णाला दीड पान आणि दोन वाक्ये बोलून विंगेत जाणाऱ्या नोकरालाही दीडच पान. लोकशाही म्हणजे याहून वेगळे काय असते?

या दीड पानाची एक पाककृती आहे. आधी लेखकाच्या नावामागे ‘थोर’ लावावा. मग नाटकाचे नाव घालून थोडे ढवळावे. त्यानंतर चार गुण : मानी, करारी, प्रेमळ, कर्तव्यदक्ष. चवीपुरता एक दोष, कारण माणूस म्हटला की दोष आलाच. शेवटी ‘अशा प्रकारे’ म्हणून उत्तर खाली उतरवावे. स्त्रीपात्र असेल तर ‘करारी’च्या जागी ‘सोशिक’ घालायचे, बाकी कृती तीच. हे उत्तर एकदा पाठ केले की ते सीतेला चालते, सावित्रीला चालते, सिंधूला चालते आणि वेळ पडली तर शेजारच्या काकूंच्या श्रद्धांजलीलाही चालते.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. आमच्याकडे माणसाला स्वभाव नसतो, त्याला खाते असते. पण बँकेत लागल्यावर कळले की स्वभावचित्रातून सुटका तिथेही नाही. दरवर्षी साहेब आमचा गोपनीय अहवाल लिहितात. त्यात ‘सचोटी’, ‘पुढाकार’, ‘जनतेशी वागणूक’ असे रकाने असतात आणि प्रत्येकापुढे एकेक विशेषण भरायचे असते. मला बरीच वर्षे सगळ्या रकान्यांत ‘समाधानकारक’ मिळत आले आहे. आमच्या शाखेतल्या गोदरेजच्या कपाटाचा अहवाल कुणी लिहिला असता, तर त्यालाही हेच विशेषण मिळाले असते. विशेषणाचा हाच मोठा फायदा : ते चिकटवायला माणसाने हलावे लागत नाही.

हा सगळा विचार करण्याची वेळ माझ्या भाचीमुळे आली. ती बी. ए.ला आहे. एके रविवारी एक जाडसर मार्गदर्शक आणि पातळसे ‘एकच प्याला’ घेऊन ती घरी आली आणि म्हणाली, “मामा, सुधाकर, सिंधू आणि तळीराम यांची स्वभावचित्रं लिहून न्यायची आहेत. तुम्ही मदत करा. तुम्ही नाटकं बघता ना?”

मी नाटके बघतो हे खरे. पण आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे नाटक बघणे म्हणजे काय, हे पुण्या-मुंबईच्या वाचकाला वेगळे सांगावे लागते. ते पुढे सांगेनच. आधी मी मार्गदर्शक उघडला. त्यात सुधाकराचे गुणविशेष असे होते : 1. बुद्धिमान. 2. स्वाभिमानी. 3. पत्नीवर प्रेम करणारा. 4. व्यसनाधीन. वाण्याची यादी असावी तसे. साखर, चहा, गूळ, दारू.

मग मी नाटक उघडले, आणि ते संपेपर्यंत जेवायला उठलो नाही.

राम गणेश गडकरी 23 जानेवारी 1919 रोजी नागपूरजवळ सावनेरला वारले. वय अवघे तेहतीस. त्यानंतर महिन्याभरातच गंधर्व नाटक मंडळीने ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आणले. पदे वि. सी. गुर्जर यांनी रचली. सिंधूचे काम बालगंधर्वांचे आणि सुधाकराचे गणपतराव बोडसांचे. लेखकाला एकही प्रयोग बघायला मिळाला नाही. शंभराहून अधिक वर्षांनी एक बँक कारकून आपल्या नाटकाचे मुद्दे काढत बसेल, हेही त्यांना कळले नाही. एका अर्थी सुटले बिचारे.

आता सुधाकराची ती यादी घ्या. चारही मुद्दे खरे आहेत, पण एकामागून एक मांडले की वाटते, हा माणूस चार खिशांत चार गुण घेऊन फिरत होता. नाटकात तसे नाही. सुधाकर हुशार वकील आहे. भर कोर्टात त्याचा अपमान होतो, सनद जाते, आणि तो अपमान त्याच्या गळ्याखाली उतरत नाही. तो उतरवायला प्याला येतो. म्हणजे ‘स्वाभिमानी’ हा दुसरा मुद्दा आणि ‘व्यसनाधीन’ हा चौथा मुद्दा हे दोन नव्हेतच. एकाच खात्यातली ती जमा आणि तीच नावे. ज्या मानीपणावर तो मोठा झाला, त्याच मानीपणाने तो बुडाला. पुढे एकदा तो शपथेवर दारू सोडतो आणि काम मागायला दारोदार जातो, पण दारुड्यावर विश्वास कोण ठेवणार? पुन्हा अपमान होतो, पुन्हा प्याला येतो. आणि हे सगळे त्याला कळत असते. दारू माणसाला पायरी-पायरीने कशी खाली नेते, हे रामलालला तो इतके सविस्तर समजावून सांगतो की वाटते, सुधाकराचे सर्वांत चांगले स्वभावचित्र सुधाकरानेच लिहून ठेवले आहे. विद्यार्थ्याने फक्त ऐकायचे होते.

मी भाचीला म्हणालो, “हे बघ, विशेषणं खोड. प्रत्येक माणसाला एकच क्रियापद दे. हा माणूस नाटकभर काय करतो?”

“सुधाकर पितो,” ती म्हणाली.

“सगळेच पितात गं. त्याच्या आधी काय करतो?”

तिने जरा विचार केला. “झोंबून घेतो. लोक बोलतात ते त्याला झोंबतं.”

मार्गदर्शकाच्या चार मुद्द्यांपेक्षा हे एक क्रियापद जड होते.

मग तळीराम आला. मार्गदर्शकात तो ‘दुय्यम पात्रे’ या मथळ्याखाली होता. मुद्दे : 1. स्वार्थी. 2. विनोदी. 3. दुष्ट प्रवृत्तीचा. हे वाचून मला तळीरामाची दया आली. कारण मराठी भाषेने याच नाटकाची परीक्षा घेतली आणि तिने गुण वेगळे दिले. नाटकाचा नायक सुधाकर. पण ‘नाकाबंदीत सहा सुधाकर पकडले’ अशी बातमी तुम्ही कधी वाचली आहे का? दर 31 डिसेंबरला वर्तमानपत्रांत येतात ते तळीरामच. शंभर वर्षांत ते सामान्यनाम झाले. शब्दकोशात जाऊन बसणे ज्याला जमले, त्याला दुय्यम पात्र म्हणणे म्हणजे सरपंचाला पाहुणा म्हणण्यासारखे आहे.

हे का झाले? मला वाटते, सुधाकर उंचावरून पडतो. पडायला आधी उंच असावे लागते, आणि उंची सगळ्यांकडे नसते. तळीरामाला उंचीच नाही, त्यामुळे तो कुणाच्याही घरात मावतो. तो सुधाकराच्या पदरचा कारकून आहे. कारकुनाला कारकून लगेच ओळखतो, म्हणून सांगतो, हा माणूस आपल्या कामात फार वाकबगार आहे. तो साहेबाला दारू प्या असे कधीही सांगत बसला असता, तर साहेबाने हाकलून दिला असता. तो थांबतो. साहेब अपमानाने होरपळून घरी येतो, त्या दिवशी तो प्याला पुढे करतो. आणि करतो तो लोभाने नव्हे, कळवळ्याने. एवढा घ्या, बरे वाटेल, हा त्याचा सूर. नाटकातल्या खलनायकाने कट रचावा, विष कालवावे, मिशीला पीळ द्यावा. हा नुसता धीर देतो. मराठी नाटकात इतका सज्जन दिसणारा खलनायक मला दुसरा आठवत नाही.

शिवाय तो संस्थापक आहे. आर्य मदिरा मंडळ! नावातच केवढे समाजकार्य आहे. दारू पिणे ही भानगड, पण मंडळ काढून प्यायले की ती चळवळ, हे त्याने त्या काळी ओळखले. मंडळाच्या बैठका आणि तिथले युक्तिवाद वाचताना हसून हसून पोट दुखते, आणि हसता हसता लक्षात येते की आपणही मंडळात जाऊन बसलो आहोत. गडकऱ्यांनी प्रेक्षकाला आधी तळीरामाच्या बाजूला ओढले आणि मग त्याची किंमत मोजायला लावली. ‘विनोदी’ या विशेषणाला हे सांगता येत नाही. तळीरामाचे क्रियापद आहे ‘आणून देतो’.

आमच्याकडच्या बोलीत तर त्याचे स्वभावचित्र नावातच झाले आहे. झाडीबोलीत ‘ळ’चा ‘र’ होतो. डोळा हा डोरा, काळा हा कारा. त्या हिशेबाने तळीराम झाला तरीराम. डॉक्टर नको म्हणतो, तरी. बायको पाया पडते, तरी. मरायला टेकला, तरी! याहून चांगले दीड पान मला कुणी दाखवावे.

आता झाडीपट्टीच्या नाटकाबद्दल. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतला जंगलाचा आणि धानाचा मुलूख म्हणजे झाडीपट्टी. दिवाळी आटोपली, धान घरात आले की गावोगाव मंडई भरते आणि रात्री नाटक असते. ते होळीपर्यंत चालते. नाटक कंपन्यांचे ठाणे वडसा, म्हणजे देसाईगंज. गावकरी तिथे जाऊन, पैशाची घासाघीस करून, तारीख ठरवून नाटक गावात आणतात. नाटक रात्री दहाच्या सुमारास सुरू होते आणि पहाटे संपते. बाया, म्हातारे, कडेवरची पोरे, जावई, सगळे असतात. थंडीत गोधडी पांघरून बसायचे. मुंबईला अडीच तासांत उरकतात तेवढ्यात आमच्याकडे खलनायक नुकता कुठे गावात शिरलेला असतो. 2023 साली गडचिरोली जिल्ह्याचे परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा बाहेरच्यांना या रंगभूमीची बातमी लागली. आम्हाला ती थंडी वाजायला लागली की दरवर्षीच लागते.

या प्रेक्षकाला स्वभावचित्राचा प्रश्न घालावा लागत नाही. तो उत्तरे देतच असतो, आणि मोठ्याने. खलनायकाला शिव्या मिळाल्या की नटाला गुण मिळाले. एका गावात मी एक सामाजिक नाटक बघत होतो. नवरा दारुडा, बायको सोशिक, नेहमीचा संसार. नवऱ्याने हात उगारला, बायकोने पदराने डोळे पुसले आणि ‘माझंच काही चुकलं असेल’ अशा अर्थाचे वाक्य म्हटले. शहरातला प्रेक्षक इथे रुमाल काढतो. माझ्या पुढे बसलेली एक म्हातारी ताडकन म्हणाली, “काहाले सोसतेस वो बाई? निंगून जाय ना माहेरी!” आजूबाजूच्या बायांनी माना डोलावल्या. रंगमंचावरची नायिका क्षणभर थबकली. तिच्या वहीत पुढचे वाक्य रडण्याचे होते, म्हणून ती रडली. पण समीक्षा व्हायची ती होऊन गेली होती.

‘एकच प्याला’ वाचताना ती म्हातारी मला सारखी आठवत होती. सिंधूपाशी आलो आणि मार्गदर्शक पुन्हा उघडला : 1. आदर्श पत्नी. 2. पतिव्रता. 3. सोशिक. 4. सहनशील. सोशिक आणि सहनशील यांत फरक काय, असे भाचीने विचारले. मी म्हटले, अडीच गुणांचा.

पण सिंधू करते काय ते बघा. घर बुडाले तरी ती माहेरच्या पैशाला हात लावत नाही. भाऊ सधन आहे, द्यायला तयार आहे, पण नाही म्हणजे नाही. ती दळणे दळते, पोराला जगवते. हा नुसता सोशिकपणा नव्हे, हा मानीपणा आहे, आणि तो नवऱ्याच्या मानीपणापेक्षा तसूभरही कमी नाही. दोघांच्या कुंडलीत एकच ग्रह. पुरुषाच्या पत्रिकेत त्याला ‘अहंकार’ म्हणतात आणि बाईच्या पत्रिकेत ‘सहनशीलता’. विशेषण त्या माणसाचे नसतेच, लिहिणाऱ्याचे असते. ज्याला सुधाकर सुधारायला हवा आहे तो त्याला अहंकारी म्हणतो. ज्याला सिंधू तशीच राहायला हवी आहे तो तिला आदर्श म्हणतो.

शेवटी सुधाकराच्या हातून तान्हे मूल जाते. त्याच्याच माराने सिंधू मरायला टेकते. पोलीस येतात, आणि ती नवऱ्याला वाचवायला खोटे सांगते. इथे परीक्षक दहापैकी नऊ देतो. गंधर्वांच्या गळ्यातून ही सिंधू ज्यांनी ऐकली ते हुंदके देत घरी गेले असतील. मीही वाचताना चष्मा पुसला. पण पुसलेल्या चष्म्यातून जे दिसले ते सांगायला हवे. सिंधूचे क्रियापद आहे ‘झाकते’. ती गरिबी झाकते, मार झाकते, शेवटी खून झाकते. गडकऱ्यांनी तिची पूजा बांधली हे खरे, पण तिच्या झाकण्याचा हिशेब त्यांनी लपवला नाही. तो पाळण्यात पडलेला आहे. नाटककार खरा असला की तो आपल्या लाडक्या पात्राचेही बिल लावतो. आपण उत्तरपत्रिकेत ते बिल फाडून टाकतो आणि वर नऊ गुण देतो.

हे मी चंद्रपुरात बसून लिहितो आहे, म्हणून थोडे अधिक बोचते. गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे, आणि ती बायांनी मागून घेतलेली आहे. 2010 साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या बाया चिमूरहून नागपूरच्या विधानभवनापर्यंत पायी चालत गेल्या. 1 एप्रिल 2015 पासून चंद्रपुरात दारूबंदी झाली. 2021 साली सरकारने ती उठवली. बंदीने भले झाले की बुरे, यावर आमच्याकडे आजही पानठेल्यावर दोन तट पडतात. तो वाद मी इथे सोडवणार नाही; कारकुनाने साहेबांच्या सहीचे काम करू नये. मला एवढेच दिसते की चिमूरहून निघालेल्या त्या बायांना कुणी ‘सोशिक’ हे विशेषण चिकटवायला गेले असते, तर ते वाटेतच गळून पडले असते. त्यांचे क्रियापद होते ‘चालतात’.

आणि बंदीच्या त्या सहा वर्षांत तळीरामाचे काय झाले? बाटली गेली, तळीराम राहिला. पूर्वेला गडचिरोली कोरडा, शेजारी वर्धा जिल्हा 1970 च्या दशकापासून कोरडा. पण वर्धा नदी ओलांडली की वणी. ‘जातोच आहे तिकडे, तुमच्यासाठी आणू का?’ असे अत्यंत आपुलकीने विचारणारी माणसे तेव्हा प्रत्येक कचेरीत निर्माण झाली. मोठी परोपकारी मंडळी. स्वतःचे पेट्रोल जाळून दुसऱ्याचे दुःख हलके करणारी. गडकऱ्यांना सावनेरला बसून नदीपलीकडची वणी दिसली नसेल, पण तळीराम बाटलीत नसतो, आपुलकीत असतो, एवढे त्यांना 1919 च्या आधीच दिसले होते. बंदी उठली आणि या मंडळींचे महत्त्व एका रात्रीत गेले. आता ती दुसरे काहीतरी आणून देत असतील. कर्ज, लॉटरी, गुंतवणुकीची नवी योजना. क्रियापद तेच, कर्म बदलले.

भाचीने आपले उत्तर क्रियापदांनी लिहिले. सुधाकर झोंबून घेतो, तळीराम आणून देतो, सिंधू झाकते. रामलालला तिने ‘समजावतो’ दिले. विलायतेला जाऊन आलेला शहाणा मित्र, पण समजावण्यापलीकडे त्याची गाडी फार जात नाही, हे तिचे तिनेच शोधले. प्राध्यापकांनी दहापैकी सहा दिले आणि बाजूला लिहिले, ‘गुणविशेष मुद्देसूद मांडावेत.’ त्यांचेही बरोबर आहे. त्यांना शंभर वह्या तपासायच्या असतात, आणि विशेषणांवर बरोबरची खूण करणे सोपे जाते. क्रियापद आले की थांबून विचार करावा लागतो, खरेच तो असे करतो का? मग आपण काय करतो, असाही विचार मनात शिरण्याचा धोका असतो. एका वहीला एवढा धोका पत्करायचा, तर शंभर वह्यांत माणूस संपेल.

तरी माझे मत असे, की स्वभावचित्र लिहायचेच असेल तर त्या म्हातारीसारखे लिहावे. गोधडी पांघरून, नाटकात पूर्ण बुडून, आणि पात्राला गुण देण्याऐवजी त्याला हाक मारून. सुधाकराला म्हणावे, अरे, एवढे काय लागते मनाला? सिंधूला म्हणावे, निंगून जाय ना. पात्रे ऐकणार नाहीत, त्यांची वही ठरलेली आहे. पण मांडवात बसलेल्या एखाद्या बाईची वही अजून कोरी असू शकते.

राहिला तळीराम. त्याला मी दहापैकी दहा देतो. भाषेने आधीच दिले आहेत, माझी नुसती प्रतिस्वाक्षरी. फक्त गुणपत्रिका पोस्टाने पाठवावी. ती घ्यायला त्याला घरी बोलावू नये. आणि आपला दिवस वाईट गेला असेल, तर मुळीच नको.